मागचा गार्ड काढला त्याची गोष्ट

मोटरसायकलचा मागचा गार्ड मी का काढला, याचं खरं कारण मी घरात बरेच दिवस सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. एका पंचविशीतल्या पोरानं मला चारचौघांत विचारलं, "काका, दूध कुठे कुठे घालता?" आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढंच.

गाडी मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी घेतली. लांबच्या प्रवासाची, उंच, जड, मागे दोन बाजूंना सामानाच्या पेट्या. या वयात हे खूळ कुठून आलं, असं नातेवाइकांनी विचारलं. बायकोनं नाही विचारलं. ती म्हणाली, "घ्या. पण मला मागे बसवून न्यायचं. एकट्यानं भटकायला घेणार असाल तर आत्ताच सांगा." तेव्हा पेट्यांच्या खाली आणि मागे बसणाऱ्याच्या पायापाशी लोखंडी नळीचा भक्कम गार्ड बसवून घेतला. दोन्ही बाजूंना एकेक मोठी कमान. गाडी आडवी झालीच तर भार त्या नळीवर येतो, पाय खाली सापडत नाही. तो गार्ड लावून आम्ही चार वर्षं कोकणात गेलो, सोलापूरला गेलो, पावसात, उन्हात गेलो आणि मला त्याची कधी अडचण झाली नाही.

मग तो पोरगा आला. रविवारी सकाळी आम्ही काही गाडीवाले दिवे घाटाच्या पायथ्याशी चहाला जमायचो. बहुतेक सगळे माझ्यापेक्षा निम्म्या वयाचे. त्यांच्या गाड्या मागून बघितल्या की नुसतं चाक आणि सीट, मध्ये काही नाही. माझी गाडी मागून बघितली की खरोखरच दूधवाल्याची दिसायची. किटल्या अडकवायला असतात तशाच कमानी. पोरगा काही खोटं बोलला नव्हता, आणि म्हणूनच मला राग आला.

माझी नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात, घरही तिथेच. काम तपासणीचं. यंत्राचे सुटे भाग मोजायचे, केसाच्या जाडीएवढा फरक दिसला तरी परत पाठवायचे. तीस वर्षं मी हेच करत आलो होतो आणि माझ्या नजरेला खात्यात सगळे टरकून असत. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात या नजरेनं काय दिवे लावले ते कळायला हवं.

गार्ड काढायला मी कसबा पेठेत गेलो. गार्ड बसवला होता तोही तिथल्याच चाचांनी. तांबटांच्या ठोकाठोकीपलीकडे एका बोळात त्यांचं दुकान. आजोबा भांड्यांना कल्हई करायचे, वडील पत्र्याच्या ट्रंका बनवायचे, चाचा मोटरसायकलींचे गार्ड आणि कॅरिअर बनवतात. पेठेत त्यांच्या घराण्याच्या पाच-सहा पिढ्या गेल्या असतील. बोळ एवढा अरुंद की गाडी बंद करून ढकलतच न्यावी लागते. मी घामाघूम होऊन पोचलो तर चाचा चष्मा पुसत बसले होते.

"गार्ड काढायचाय," मी म्हणालो.

"मोडला?"

"नाही. बरा दिसत नाही."

चाचांनी चष्मा चढवून आधी मला पाहिलं, मग गाडीला. "गाडी तुमची आहे, साहेब. काढतो. माझं काय जातंय." पाना लावायच्या आधी त्यांनी खाली बसून नळीवरून अंगठा फिरवला. "हे बघितलंत का? इथला रंग पार उडालाय. लोखंड चकाकायला लागलंय. फक्त डाव्या बाजूला, आणि फक्त खालच्या वळणावर."

"पेटी घासत असेल."

"पेटी वर आहे. आणि पेटी घासली असती तर दोन्हीकडे घासली असती."

मला घाई होती, आणि तो दुधाचा प्रश्न अजून कानात होता. मी म्हणालो, "चाचा, मी तपासणी खात्यात आहे. मला नका शिकवू."

"नाही शिकवत," ते म्हणाले. "शिकायला जागा लागते आधी." आणि त्यांनी पाना लावला.

पाऊण तासात गार्ड निघाला. गाडी खरंच देखणी दिसायला लागली, हे आजही मान्य करतो. घरी जाताना दुकानांच्या काचांत मी तिला इतक्या वेळा बघितलं की एकदा हातगाडीवर आदळता आदळता वाचलो. घरी आल्यावर बायकोला खाली बोलावलं. ती वाळलेले कपडे खांद्यावर टाकून तशीच आली. मी गाडीभोवती एक फेरी मारून दाखवली. ती म्हणाली, "सुटसुटीत दिसतेय," आणि कपड्यांच्या घड्या घालायला वर गेली. मला तेवढं पुरेसं होतं. काढू का, असं मी आधी तिला विचारलं नव्हतं. विचारायला हवं असं डोक्यातच आलं नाही. गाडी माझी होती ना.

पुढच्या रविवारी तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. तिचं माहेर नगर रस्त्यावर, शिक्रापूरच्या पुढे आत एका गावात. आम्ही सकाळीच निघालो. एका पेटीत आहेराचं तांब्याचं घंगाळ, दुसऱ्या पेटीत तिची साडी आणि माझा झब्बा. तिथे जाऊन बदलायचं, असा आमचा रिवाज. आमच्या सोसायटीत पार्किंगला लागून एक बुटका कट्टा आहे. ती त्याच्यावर उभी राहिली आणि तिथून सीटवर बसली. मग माझ्या डाव्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

या थापांचं सांगायला हवं. आमच्यात तो ठरलेला इशारा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या स्कूटरपासून चालत आलेला. हेल्मेट घातल्यावर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोन थापा म्हणजे "बसले, चला." एक थाप म्हणजे "थांबा." रस्त्यात खड्डा आला आणि मी तो जोरात घेतला की पाठीत एक गुद्दा. एवढ्या तीन शब्दांत आमचे सव्वीस वर्षांचे प्रवास झाले. मागे वळून बघायची मला कधी गरजच पडली नाही.

वाघोली ओलांडल्यावर पेट्रोल भरायला थांबलो. पंपावर मागच्या माणसानं उतरायचं असतंच, तशी ती उतरली. टाकी भरली. मागे रांग लागली होती, लोक हॉर्न वाजवायला लागले होते. मी गाडी चार पावलं पुढे घेतली, सुरू केली आणि दोन्ही पाय रोवून बसलो. ती मागून आली. तिचा हात खांद्यावर आला. गाडी डावीकडे जराशी दबली, सावरली. मग खांद्यावर दोन थापा पडल्या. जरा जोरातच पडल्या, पण मागचे हॉर्न वाजवत होते, म्हटलं तीही घाईत असेल.

मी निघालो.

रस्ता मोकळा होता. मी खुशीत होतो आणि खुशीत असलो की मी बोलतो. तिच्या भावानं घराला फरशी चुकीची घेतली, हे मला तिला कधीपासून सांगायचं होतं. पांढरी फरशी आणि दारात शेत. रोज चिखलाची पावलं पुसत बसायचं. मग स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. मग गवंडी कसा फसवतो ते. मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं बोलत होतो. उत्तर येत नव्हतं, पण उत्तर कधीच येत नसे. वाऱ्यात तिला अर्धं ऐकू जायचं नाही, आणि जे जायचं त्याला ती उत्तर देत नसे. त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

लोणीकंद मागे पडलं. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे एक आडवा चर आला आणि तो मला दिसलाच नाही. गाडी चांगली हातभर उडाली. मी पाठ ताठ करून गुद्द्याची वाट बघितली. गुद्दा आला नाही.

"झोपलीस की काय?" मी विचारलं.

आणि डावा हात मागे नेऊन तिच्या गुडघ्यावर ठेवायला गेलो. माझा हात सीटवर पडला. सीट उन्हानं तापली होती. मी हात आणखी मागे नेला. पेटीचा कोपरा लागला. पुन्हा पुढे आणला. सीट.

त्या क्षणी मला काय झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. एवढं जड धूड मी रस्त्याकडेला कसं उभं केलं ते मला आठवत नाही. मी मागे वळून बघितलं. म्हणजे हातानं कळलं होतं तरी डोळ्यांनी बघितलं. सीट रिकामी. मग रस्त्याकडे बघितलं. मागून ट्रक येत होते, एकामागून एक. माझ्या डोक्यात एकच आलं, ती चालत्या गाडीवरून पडली. त्या चरात पडली. तो चर पन्नास पावलांवर होता. मी हेल्मेट फेकून पळत सुटलो. तिथे खडी होती आणि एक कुत्रं होतं. मी तिला हाक मारली. भर रस्त्यात बायकोच्या नावानं ओरडणारा माणूस बघून एक टेम्पोवाला थांबला आणि काही न विचारता निघूनही गेला.

मग फोन आठवला. फोन टाकीवरच्या पिशवीत, माझाही आणि तिचाही. माझ्या फोनवर एकाच अनोळखी नंबरचे सात कॉल येऊन गेले होते. लावला. पलीकडून माणूस ओरडला, "अवो, हायसा कुटं? तुमच्या मंडळी हितं पंपावं बसल्यात! हात मोडलाय बहुतेक. आन तुम्ही बगितलं बी न्हाई मागं!"

जीव भांड्यात पडला, असं म्हणायला हवं. तसं झालं नाही. ती जिवंत आहे हे कळलं, आणि त्याच क्षणी दुसरं कळलं की ती चरात नाही, लोणीकंदात नाही, ती पंपावरूनच निघाली नव्हती. मी एवढं अंतर एकटा आलो होतो. फरशी, खिडकी, गवंडी, हे सगळं मी मोकळ्या सीटला सांगितलं होतं. केसाच्या जाडीचा फरक ओळखणाऱ्या माणसाला अख्खं माणूस कमी झालेलं कळलं नव्हतं.

परत वळायला जागा मिळेपर्यंत आणखी पुढे जावं लागलं. तेवढ्या वेळात मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत.

पंपाच्या ऑफिसात लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसली होती. ओढणीनं उजवा हात गळ्यात बांधलेला. कुर्त्याला एका बाजूनं ऑइलचा काळा पट्टा. समोर चहाचा कप, तो कुणीतरी तिच्या डाव्या हाताशी सरकवून ठेवला होता. भोवती चार-पाच माणसं. मी आत शिरलो तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. फोनवर बोलला तो माणूस म्हणाला, "हेच का ते?"

ती म्हणाली, "कुठपर्यंत गेला होतात?"

"लोणीकंदच्या पुढे."

"एवढ्या लांब?"

रागानं विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती चकितच झाली होती. फार तर पुढच्या चौकातून परत याल असं तिला वाटलं होतं. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो आणि मूर्खासारखा म्हणालो, "मी बोलत होतो गं तुझ्याशी."

"काय?"

"भावाची फरशी चुकली म्हणून."

ती हसली. हसताना हात हलला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "आई गं, लई दुखतंय," ती म्हणाली. दुखलं की तिच्या तोंडी माहेरची बोली येते. आमच्या लग्नापासून मी ती तीन-चार वेळाच ऐकली होती.

जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टर प्लॅस्टर घालता घालता म्हणाले, "कशा पडलात?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "गाडीवर चढताना पाय चुकला. नेहमीची नळी आहे असं धरून पाय टाकला, तर खाली काहीच नाही."

"कोणती नळी?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "मागची. तुम्ही काढलीत ती. माझा गुडघा एवढा वर कुठे उचलतो? त्या नळीवर पाय द्यायचा, मग फूटरेस्टवर, मग वर. तशीच तर चढते मी."

"नेहमी?"

"मग कशी चढणार? उडून?"

चार वर्षं. कोकणात, सोलापुरात, घाटात, प्रत्येक चहाच्या टपरीपाशी, दिवसातून दहा वेळा ती त्या नळीवर पाय देऊन चढली होती. माझ्या पाठीमागे दोन फुटांवर. मी पुढे बघत, दोन्ही पाय रोवून, थापांची वाट बघत बसलेला. चाचांना अंगठा फिरवून जे कळलं होतं ते मला तिच्या तोंडून, प्लॅस्टरचा वास घेत घेत कळत होतं. डॉक्टरांनी मलाच बाकावर बसायला सांगितलं.

"मग काढली तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला तरी कुठे सुचलं? पायाला सवय होती, डोक्याला नव्हती." मग म्हणाली, "पडताना मी तुमचा खांदा धरत होते. दोनदा धरायला गेले. तुम्ही निघालात."

त्या दोन थापा. मला वाटलं होतं ती म्हणतेय, चला.

डॉक्टर पट्टी गुंडाळत होते आणि कुठेच बघत नव्हते.

वास्तुशांतीला जायचं राहिलं. तिच्या भावाला मी फोन करून सांगितलं, पाय घसरला म्हणून. दवाखान्याबाहेर आल्यावर मी गाडीकडे बघितलं आणि तीही बघत होती. मी विचारलं, "बसशील? मी धरतो, हळूहळू चढ." तिनं मान हलवली. चिडून नाही. नुसती हलवली. म्हणाली, "आज नको. मी रिक्षानं जाते. तुम्ही या मागून."

मी तिला रिक्षात बसवलं. बसवताना पहिल्यांदा नीट बघितलं, तिचा डावा पाय कसा आधी चाचपडतो, टेकायला काही सापडेपर्यंत भार देत नाही, मग गुडघ्यावर हात दाबून ती कशी वर येते. रिक्षात चढायलाही तिला एवढं करावं लागत होतं. मी ते याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

वाघोली ते हडपसर मी त्या रिक्षाच्या मागे होतो. रिक्षांना मागे असते तशी प्लास्टिकची छोटी खिडकी, जुनी, पिवळी पडलेली. त्यातून तिचं डोकं दिसत होतं. एवढ्या वर्षांत रस्त्यावर मी तिला मागून कधी बघितलं नव्हतं. मीच कायम पुढे. तिच्या केसांत मागच्या बाजूला पांढरे किती झालेत, हेही मला तेव्हा दिसलं.

पहिल्या सिग्नलला रिक्षा थांबली तशी ती वळली. अख्खं अंग फिरवून, प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हातानं सावरत, त्या खिडकीतून तिनं मागे बघितलं. मला वाटलं काही हवंय. मी गाडी रिक्षाच्या बाजूला घेतली. "काय गं? दुखतंय?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही आहात ना मागे, बघत होते."

पुढच्या सिग्नलला ती पुन्हा वळली. वळताना दुखत होतं, ते तिच्या ओठांवरून कळत होतं. मी हात वर केला, तेव्हा ती सरळ झाली. खराडीला पुन्हा. मी पुन्हा हात वर केला. मला ते बघवेना. मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि आतल्या आत रडलो.

हडपसरला पोचेपर्यंत तिनं एकही सिग्नल सोडला नाही.